फोंड्याची सिंक्रो स्केटिंग टीम : चार स्टार, पाचवा का नाही ते खाली लिहिलंय

क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण सरांनीच सांगितलंय की आता कुठे नाव टाकू नका, वेटिंग लिस्ट आधीच मोठी झालीय आणि हॉल काही वाढत नाही. फोंडा, कवळे, बांदोडा साइडला राहणाऱ्यांना कळेलच कुठला ते. बाकीच्यांसाठी सांगायचं तर ही जाहिरात नाही, पोराला स्केटिंगला घालायचंय पण स्पीडला (म्हणजे रेसला) घालू की आर्टिस्टिकला (म्युझिकवर एकट्याने करतात तसल्या) की ते सगळे मिळून हात धरून करतात त्याला, असा ज्यांचा गोंधळ चाललाय त्यांच्यासाठी लिहितेय. माझी मुलगी लहान असल्यापासून या टीममध्ये आहे, आता नववीत आहे, म्हणजे ही टीम वाढताना मी समोर बाकावर बसून बघितलीय, कधी चहा पीत, बहुतेक वेळा डास मारत.

आधी हा प्रकार काय ते सांगते कारण नातेवाइकांना अजून वाटतं की ही रेसच आहे आणि विचारतात "कितवा नंबर आला?" सिंक्रोनाइज्ड स्केटिंग म्हणजे एक आख्खी टीम एकत्र, एका म्युझिकवर, एकमेकांचे हात किंवा खांदे धरून आकृत्या करत फिरते. मूळ खेळ बर्फावरचा. अमेरिकेत मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावात १९५६ साली डॉ. रिचर्ड पोर्टर यांनी 'हॉकेट्स' नावाची टीम काढली, आइस हॉकीच्या मॅचच्या मधल्या वेळात लोकांची करमणूक करायला. तिथून कॅनडा, स्वीडन, फिनलंडकडे पसरलं, आणि पहिली अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिप व्हायला २००० साल उजाडलं, मिनीआपोलिसला, ती स्वीडनच्या टीम सरप्राइजने जिंकली. सीनियर टीममध्ये १६ जण असतात. ऑलिम्पिकमध्ये हे अजूनही नाही, इतकी वर्षं मागणी चालू असून.

आता गोव्यात बर्फ म्हणजे जेटीवर मासळीच्या पेटीत असतो तेवढाच, त्यामुळे आपल्याकडे हे चाकांवर. चाकांवरच्या प्रकाराला वर्ल्ड स्केटवाले, म्हणजे या खेळाची जागतिक संघटना, 'प्रिसिजन' म्हणतात, आमच्या क्लासमध्ये मात्र सगळे सरसकट सिंक्रोच म्हणतात. आकृत्या मुख्य पाच बघायला मिळतात, सर्कल, लाइन, ब्लॉक, व्हील आणि इंटरसेक्शन. शेवटच्यात दोन रांगा समोरासमोर येतात आणि एकमेकींच्या मधून आरपार निघून जातात, ते पहिल्यांदा बघताना पालकांचा श्वास अडकतो आणि खरं सांगायचं तर दहाव्यांदा बघतानाही अडकतो. माझ्या सासूबाई वाळपईच्या, त्या एकदा गॅदरिंगला आल्या, दोन रांगा कमरेत हात घालून समोरासमोर पुढे-मागे होताना बघितल्या आणि म्हणाल्या, "हे तर आमचे धालो, तुम्ही चाकं लावलीत एवढंच." (धालो म्हणजे गोव्यातल्या बायकांचं असंच रांगांचं लोकनृत्य.) त्या दिवसापासून सर नवीन पालकांना हेच सांगतात, आणि सत्तरी तालुक्यातल्या आयांना लगेच पटतं, वेगळं काही समजवावं लागत नाही.

सुरुवातीला हे सगळं देवळाच्या अग्रशाळेसमोरच्या (भाविकांच्या मुक्कामाच्या खोल्यांसमोरच्या) अंगणात चालायचं. हॉल वगैरे काही नाही. सात-आठ पोरं, त्यातली दोन भावंडं, एकाच्या पायात मोठ्या भावाचे बूट आत मोजे कोंबून. जत्रा असली की क्लास बंद, लग्न असलं की बंद, पाऊस आला की तर चार महिने बंदच. सर तेव्हा कुठे काम करायचे ते संपवून संध्याकाळी यायचे आणि पहिला अर्धा तास फक्त अंगण झाडण्यात जायचा कारण चाकाखाली एक बारीक खडा आला तरी पोर तोंडावर. सोळा जणांची टीम करायचीय असं ते तेव्हापासून म्हणायचे आणि आम्ही पालक आपसात हसायचो, कारण आठ पोरांत दोन तरी रोज आजारी असायची.

पण एक गोष्ट तेव्हापासून बरोबर केली. पहिले सहा-सात महिने आकृती नाही, म्युझिक नाही, काही नाही, फक्त थांबायला आणि पडायला शिकवलं. पडायचं कसं, हात कुठे, पडल्यावर बोटं आत कशी ओढून घ्यायची म्हणजे मागून येणाऱ्याच्या चाकाखाली येणार नाहीत. पालक कंटाळले, दोघं सोडूनही गेली. आता बाकीच्या क्लासमध्ये तिसऱ्या आठवड्यात पोराचा व्हिडिओ स्टेटसला टाकतात ना, तसलं इथे नाही मिळणार, आधीच सांगून ठेवते.

व्हीलबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण टीम कशी वाढली ते मला त्याच्यातच दिसलं. चार-चार जणांचे चार आरे, मध्ये केंद्र, आणि सगळं गोल फिरतं. केंद्राजवळची पोर जवळजवळ जागच्या जागी फिरते, टोकाची मात्र पळत असते, कारण वेळ दोघींना सारखाच आणि टोकाचं वर्तुळ साधारण चौपट मोठं. म्हणजे आतली मीटरभर सरकली की टोकाचीने तेवढ्याच वेळात चार मीटर कापायचे, आणि तेही मान वर, चेहरा हसरा, खांदा सरळ रेषेत. माझी मुलगी आधी एकदम आत असायची, तिला वाटायचं मला सोपं काम दिलंय म्हणून रुसायची. मग सरांनी तिला केंद्रावर उभं करून सांगितलं की तू दोन इंच सरकलीस तर टोकाची कुठे जाऊन पडते बघ, आणि मुद्दाम सरकायला लावलं. टोकाची पोर भिंतीला टेकता टेकता वाचली! मग कळलं बाईंना. दर वर्षी एकेक जागा बाहेर सरकत सरकत आता ती टोकाला असते, आणि तिच्या जुन्या जागेवर सहावीतली एक पोर आहे जी तश्शीच रुसते.

टोकाच्यांचा वेग वाढला की हात सुटतात, हा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम. सरांचं आख्ख्या सेशनमध्ये एकच ओरडणं, "हात सोडूं नाकात! मुखार पळयात!" म्हणजे हात सोडू नका, पुढे बघा. घाम इतका येतो आपल्याकडे की तळहात निसटतातच, त्यामुळे इथली पोरं मनगट धरायला शिकलीत, बोटं नाही. प्रत्येकीच्या कमरेला एक छोटा नॅपकिन खोचलेला असतो, म्युझिक थांबलं की सगळ्यांचा हात एकदम नॅपकिनकडे. नखं वाढलेली असली तर त्या दिवशी बाहेर बसायचं, अंगठी, बांगडी, घड्याळ काही चालत नाही. हे नियम आधी जाच वाटतात पण शेजारणीच्या मनगटावर ओरखडे उठलेले एकदा बघितले की पोरं स्वतःच रात्री नेलकटर शोधतात.

कोविडमध्ये सगळं मोडलं. लॉकडाऊन, मग हॉल बंद, मग पालकांची भीती, आणि परत सुरू झालं तेव्हा पोरांचे पायच मोठे झालेले, एकाचेही बूट होत नव्हते. मोठ्या पोरी तोवर दहावीला पोचलेल्या, त्या परत आल्याच नाहीत. इथे बरेच क्लास संपले. सरांनी काय केलं तर सोळाचा हट्ट सोडून आठ जणांचंच बसवलं, त्यातही चार अगदी नवीन, आणि वर्षभर कुठल्याच स्पर्धेत नेलं नाही. त्याच वेळी खाली एक लहान मुलांची बॅच काढली, सात-आठ वर्षांची पोरं, त्यांच्याकडून पण त्याच पाच आकृत्या, फक्त हळू आणि छोट्या.

आणि माझ्या मते ही टीम आज जी काही आहे ती त्या लहान बॅचमुळे आहे. बघा, सोळा जणांच्या टीममधून दर मार्चला तीन-चार पोरं जाणारच, दहावीची बोर्डाची परीक्षा, मग बारावी, मग कोण पणजीला कोण पुण्याला. सोलो करणारं पोर गेलं तर एक पोर गेलं, संपलं. इथे एक आरा मोडला की आख्खं व्हील मोडतं. म्हणून वर्षभर खालच्या बॅचमधली चार-पाच पोरं मोठ्यांच्या प्रॅक्टिसला बाजूला उभी असतात, त्यांना म्युझिक पाठ असतं, प्रत्येकाला एकेक जागा वाटून दिलेली असते, आणि ज्याच्या जागेवर त्याला जायचंय ती मोठी ताईच त्याला शिकवते. माझ्या मुलीची जागा पुढच्या वर्षी कोण घेणार ते आत्ताच ठरलंय आणि ती पोर शनिवारी तिच्या मागे मागे फिरते, अगदी पाणी प्यायला गेली तरी मागे. मुलीला याचा राग येईल असं मला वाटलं होतं, तर ती उलट तिच्या चुका काढण्यात रंगलीय, "ए बाय, डावा खांदा!" सरांचाच टोन.

मधे एक फेज आली होती. हांगझोच्या एशियन गेम्समध्ये २ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या मुलींच्या आणि मुलांच्या, दोन्ही टीमना रोलर स्केटिंगच्या स्पीड रिलेमध्ये ब्राँझ मिळालं, ३००० मीटरमध्ये, आणि लगेच पालकांच्या ग्रुपवर सुरू, आमच्या पोराला स्पीडला टाका, हात धरून फिरण्यात काय फ्युचर आहे. मग २०२५ मध्ये आपला स्पीड स्केटर आनंदकुमार वेलकुमार वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा परत तेच. बरीच पोरं गेली पण. सरांनी कुणालाच अडवलं नाही, उलट मडगावच्या एका स्पीडवाल्या कोचचा नंबर स्वतः दिला. मला विचाराल तर पालकांचं चूक नव्हतं, स्पीडला स्पर्धा जास्त, सर्टिफिकेटं जास्त, स्पोर्ट्सच्या मार्कांचं गणित स्पष्ट. सिंक्रोत मेडल लागलं तर सोळा जणांना मिळून लागतं आणि स्पर्धाच मुळात कमी. पोराला स्वतःचं नाव माइकवर ऐकायचं असेल तर इथे घालू नका, खरंच नका.

म्युझिकबद्दल मात्र मी सरांना पाच स्टार देते. आधी तीच ती इंग्लिश पॉप गाणी लावायचे जी सगळेच लावतात. मग एका वर्षी चवथीनंतर घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवतात तो ढोल) आणि कासाळें (झांजा) यांचं नुसतं वादन रेकॉर्ड करून आणलं, गावातल्याच आरतीवाल्या पोरांकडून, आणि त्यावर प्रोग्रॅम बसवला. आरतीची लय हळू सुरू होते आणि चढत चढत जाते, तर व्हीलचा वेग पण तसाच चढवला, शेवटी कासाळें एकदम बंद, आणि सोळाच्या सोळा जणी टो-स्टॉपवर (बुटाच्या पुढच्या ब्रेकवर) ठप्प उभ्या. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मागे बसलेले आजोबा लोक मांडीवर ताल धरून बसले होते. त्या दिवशी आमच्याच ग्रुपमधल्या ज्या बाई फ्युचर फ्युचर करत होत्या त्यांनी सगळ्यात जास्त व्हिडिओ काढले, असो.

आता पैशाचं. महिन्याची फी १५००, आठवड्यातून तीन दिवस, स्पर्धेच्या आधी रोज येतात पण त्याचे वेगळे घेत नाहीत. ड्रेसचे दर वर्षी दोन-अडीच हजार, त्यातला ड्रेस पुढच्या वर्षी खालच्या बॅचला जातो त्यामुळे थोडे परत मिळतात. खरा खर्च बुटांचा. सिंक्रोला क्वाड लागतात, म्हणजे पुढे दोन मागे दोन चाकंवाले, इनलाइन घेऊन येऊ नका. सुरुवातीला तीन-चार हजारांचे चालतात पण मोठ्या टीममध्ये गेल्यावर बूट, प्लेट (बुटाखालची चाकं बसवायची पट्टी), चाकं वेगवेगळी जोडलेला सेट लागतो आणि तो दहा-बारा हजारांच्या खाली येत नाही, आणि पोराचा पाय काही थांबत नाही वाढायचा. क्लासमध्ये जुने सेट आपसात विकले जातात, आधी तिथे विचारा, मगच नवीन बघा.

एक टिप देते जी दुकानदार देत नाहीत. चाकांवर एक आकडा आणि ए असं लिहिलेलं असतं, तो कडकपणा. ७८ए, ८२ए म्हणजे मऊ, बाहेरच्या खरबरीत जमिनीसाठी. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर ९० च्या पुढची कडक चाकं बरी पडतात, मऊ चाकं तिथे चिकटतात आणि पोर उगाच दुप्पट जोर लावतं. पण पावसाळ्यात आपल्याकडे फरशीला जो दमट ओलावा येतो ना, दिसत नाही पण असतो, त्यावर खूप कडक चाकं सटकतात, म्हणून आमच्याकडे बरेच जण जून ते सप्टेंबर जरा मऊ सेट लावतात. आख्ख्या टीमने एकाच कडकपणाची लावायची, नाहीतर एकीची पकड वेगळी आणि दुसरीची वेगळी, आणि लाइन वाकडी.

बेअरिंग हा गोव्यात वेगळाच विषय. एका जोडीत आठ चाकं, प्रत्येकात दोन, म्हणजे १६ बेअरिंग, आणि खारी हवा आणि पाऊस मिळून ती दोन महिन्यांत गंजवतात. गंजलेलं एक जरी असलं तरी प्रॅक्टिसमध्ये सगळ्यांच्या आवाजातून त्याचा चर्र आवाज वेगळा ऐकू येतो आणि सर डोळे मिटून सांगतात कोणाचं ते. रात्री पुसून, तेलाचा एक थेंब टाकून, सिलिकाची पुडी टाकलेल्या डब्यात ठेवायची. मी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून ऑनलाइन मागवली होती, महागडी म्हणून, तर त्यातली निम्मी आधीच तांबूस, आणि परत घेताना ते म्हणे गोव्यात असंच होतं. पार्सल उघडायच्या आधीच गोव्याची हवा लागली बहुतेक!

आता पाचवा स्टार का कापला ते. पहिलं म्हणजे मेसेज. क्लास आहे की नाही ते कधी कधी क्लासच्या दहा मिनिटं आधी कळतं, आणि तोवर आम्ही कुंडईहून निघालेलो असतो. पावसात हॉलच्या एका बाजूने झड आत येते, अर्धी फरशी ओली, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी "बघू, पाऊस थांबेल" म्हणत पोरांना पाऊण तास बूट घालून बसवून ठेवायचं आणि मग घरी पाठवायचं. दुसरं, मुलींना कपडे बदलायला धड जागा नाही. टीम मोठी झाली, सोळा प्रोग्रॅमच्या आणि वर खालची बॅच, आणि अजून तीच एक खोली, तिथेच मॅट्स, तिथेच स्पीकर, तिथेच गणपतीचं मखर ठेवलेलं. हे सरांच्या हातात पूर्ण नाही हे कळतं, हॉल त्यांचा नाही, पण एक पडदा तरी लावता येतो ना. पालक वर्गणी काढायला तयार आहेत, दोन वर्षं नुसतं बोलणं चाललंय.

आणि तिसरं जरा नाजूक. टीम वाढली तशी पालकांची टीम पण वाढली. कोणाची पोर पुढच्या रांगेत, कोणाची मागे, यावरून ग्रुपवर टोमणे. सिंक्रोत मागची रांग वगैरे नसते हो, दर तीस सेकंदांनी मागचे पुढे येतात! सर यात पडत नाहीत, फोन उचलत नाहीत, आणि मला वाटतं थोडं पडायला हवं, वर्षाच्या सुरुवातीला एक मीटिंग घेऊन जागा कशावरून ठरतात ते सांगून टाकलं की विषय संपेल. उंची, वेग आणि कोणाचा हात कोणाला धरायला सवयीचा आहे, एवढंच तर असतं.

मुलगे घालावेत का हे बरेच विचारतात. घाला की. वर मी सोळा जणी सोळा जणी लिहिलं कारण सध्या प्रोग्रॅमची टीम सगळी मुलींची आहे, पण खालच्या बॅचमध्ये पाच मुलगे आहेत आणि त्यातला एक डिचोलीहून येतो, कदंबाने (सरकारी बसने), आजोबांबरोबर, आणि एकही दिवस चुकवत नाही. मोठ्या टीममध्ये मुलगा आतापर्यंत टिकला नाही त्याचं कारण फुटबॉल, दुसरं काही नाही. चिडवतात वगैरे म्हणाल तर शाळेत चिडवत असतील, क्लासमध्ये कुणाला वेळ नाही.

कुणाला सूट होईल : ज्याला रोज तेच तेच परत परत करायला कंटाळा येत नाही, आणि ज्याला दुसऱ्याची चूक पण आपल्या अंगावर घ्यायला जमतं, कारण इथे एक पडली की बाजूच्या दोघी पडतात आणि उठून परत पहिल्यापासून सुरू. फार लाजरी पोरं इथे मस्त खुलतात हे मी तीन-चार जणांत बघितलंय, एकटं उभं राहायचं नसतं ना. फार हट्टी पोरांचे पहिले सहा महिने रडारड, नंतर बरं.

नवीन ऍडमिशन जूनमध्ये घेतात, शाळा सुरू झाल्यावर. पहिल्या दिवशी बूट विकत घेऊन जाऊ नका, क्लासचे असतात, फक्त जाड मोजे आणि गुडघ्याची पॅड न्या. हेल्मेट लागतंच, सायकलचं चालतं. शनिवारी संध्याकाळी पाचला जाऊन बसा, तेव्हा दोन्ही बॅच एकत्र असतात आणि लहानं मोठ्यांच्या बाजूला उभं राहून शिकतात ते बघायला मिळतं, तेवढ्यावरून ठरवता येईल. ओडोमॉस लावून जा, आणि गाडी हॉलच्या गेटसमोर लावू नका, शेजारचे काका लगेच बाहेर येतात.